पाटीवर काय लिहिलंय? गुलामीच्या पैशातून उभ्या राहिलेल्या वास्तूंची वाट

ब्रिटनमधल्या जुन्या हवेल्या बघायला गेलेला माणूस बाग, चित्रं आणि चहा एवढं उरकून परततो. त्या घरांचा पैसा कुठून आला, हे तिथल्या पाट्यांवर लिहायला सुरुवात झाली ती अलीकडे. सप्टेंबर २०२० मध्ये अशा वास्तू सांभाळणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेने अहवाल काढला. त्यात संस्थेच्या ताब्यातल्या ९३ वास्तूंचा वसाहतींशी किंवा गुलामगिरीशी संबंध दाखवला होता. २९ वास्तूंचे धागे गुलाममुक्तीच्या वेळी मालकांना मिळालेल्या भरपाईपर्यंत पोचत होते. यादीत चर्चिलचं घर चार्टवेल होतं म्हणून बराच गहजब झाला, तक्रारी झाल्या. धर्मादाय संस्थांवर देखरेख ठेवणाऱ्या आयोगाने मार्च २०२१ मध्ये नियमभंग झाला नसल्याचा निर्वाळा दिला. अहवालात एक अडचण मात्र खरीच होती: चर्चिलसारखा वसाहतखात्याचा मंत्री आणि गुलामांचा मालक एकाच यादीत आले की घाईत वाचणारा दोघांना एकाच मापाने मोजतो.

म्हणून या सात दिवसांच्या वाटेवर प्रत्येक ठिकाणी आधी एवढंच बघायचं: इथला माणूस मळ्याचा मालक होता, गुलामांचा व्यापारी होता, की त्या व्यवस्थेवर पगार घेणारा अधिकारी? आणि ते सांगणारी पाटी कुठे लावली आहे, दिवाणखान्यात की स्वच्छतागृहाकडे जाणाऱ्या बोळात?

निघण्यापूर्वी तासभर युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या गुलाममालकीविषयीच्या विदागारात (डेटाबेसमध्ये) घालवावा. ते फुकट आहे. १८३३ च्या कायद्याने गुलामगिरी रद्द झाली तेव्हा सरकारने २ कोटी पौंड भरपाई दिली. ती मालकांना, गुलामांना छदामही नाही. उलट शेतावर राबणाऱ्यांना ‘उमेदवारी’च्या, म्हणजे शिकाऊपणाच्या, नावाखाली आणखी बिनपगारी काम करावं लागलं, ते १ ऑगस्ट १८३८ ला संपलं. भरपाईसाठी काढलेल्या कर्जाचा शेवटचा हिशेब ब्रिटिश करदात्याने २०१५ मध्ये चुकता केला. भरपाईच्या सुमारे ४६ हजार दाव्यांची नोंद या विदागारात आहे. आडनाव टाका, दावा उघडा, आणि चार गोष्टी वहीत उतरवा: बेट, मळ्याचं नाव, माणसांची संख्या, रक्कम. मग दावेदार कोणत्या नात्याने आला ते बघा. फसगत होते ती इथेच. मालक, गहाणदार (मळ्यावर कर्ज दिलेला), विश्वस्त आणि मृत्युपत्राचा अंमलदार हे सगळे ‘दावेदार’च असतात. विश्वस्ताच्या नावावर दिसणारी रक्कम त्याच्या खिशात गेलीच असं नाही. दुसरी फसगत म्हणजे ज्या घराण्याने आपला मळा १८३३ च्या बऱ्याच आधी विकला, ते भरपाईच्या यादीत सापडत नाही. यादीत नाव नाही म्हणजे हात स्वच्छ, असा अर्थ काढू नये.

मोसम एप्रिल ते सप्टेंबर. हिवाळ्यात यातली अर्धी दारं बंद असतात.

पहिला दिवस: लंडन

वेस्टमिन्स्टर ॲबीचं तिकीट आगाऊ काढावं. इथे फक्त एका दगडासाठी थांबायचं आहे, कारण तो दगड नाशिकपर्यंत जातो. मुख्य दालनाच्या मध्यभागी जमिनीत डेव्हिड लिव्हिंगस्टनची शिळा आहे. तिची सुरुवातच अशी: निष्ठावंत हातांनी भूमी आणि सागर ओलांडून याला इथे आणलं. तळाशी गुलामांच्या व्यापाराला ‘जगाची उघडी जखम’ म्हटलेलं त्याचंच वाक्य आहे. हात मात्र कोणाचे, ते शिळेवर नाही.

त्यातला एक जेकब वेनराइट. आफ्रिकेत गुलाम म्हणून पकडलेला आणि इंग्रजी जहाजाने सोडवलेला हा मुलगा नाशिकच्या शरणपूरला, सोडवून आणलेल्या आफ्रिकी मुलांसाठी मिशनऱ्यांनी चालवलेल्या शाळेत शिकला. लिव्हिंगस्टनचं हृदय आफ्रिकेत जिथे पुरलं, तिथल्या झाडावर अक्षरं कोरली ती त्यानेच. १८ एप्रिल १८७४ ला याच दालनात शवपेटीच्या मानकऱ्यांमध्ये तोही होता. लिव्हिंगस्टनचे दुसरे दोन साथीदार, मुंबईत शिकलेला चुमा आणि सुसी, दफन उरकल्यावर इंग्लंडला पोचले. शरणपूर रोडवरून रोज जाणाऱ्या नाशिककराला हे ठाऊक असावं.

संध्याकाळी पॅडिंग्टनहून ब्रिस्टल. दोन तासांच्या आत गाडी पोचते.

दुसरा दिवस: ब्रिस्टल

दिवसभर पायीच. सुरुवात ७, ग्रेट जॉर्ज स्ट्रीट, म्हणजे जॉर्जियन हाउस. कॅरिबियनमधल्या नेव्हिस बेटावर ऊसमळा असलेल्या जॉन पिनीने १७९० च्या आसपास ते बांधून घेतलं. प्रवेश फुकट, पण आठवड्यातले काही दिवसच उघडं असतं, तेव्हा वार बघून मुक्काम ठरवावा. बहुतेक जण पहिल्या मजल्यावरची बैठक बघून खूश होतात. तळघर चुकवू नका. स्वयंपाकघर, नोकरांच्या खोल्या आणि मालकाच्या गार पाण्याच्या स्नानासाठी जमिनीत खोदलेलं दगडी टाकं तिथे आहे. हे टाकं आणि वरची लिहिण्याची खोली दोन्ही बघितली की घर कसं चालायचं ते कळतं.

या घरात पेरो जोन्स राहत होता. पिनीने त्याला १७६५ मध्ये विकत घेतलं, वय सुमारे १२, सोबत दोन बहिणी. १७८० च्या दशकात त्याला ब्रिस्टलला आणलं. मालकाचा खासगी नोकर म्हणून त्याने उभा जन्म काढला आणि १७९८ मध्ये तो वारला, मुक्त न होताच. फॅनी कोकर याच घरातली, पण तिला पिनीने १७७८ मध्येच मुक्त केलं होतं. एकाच छपराखाली एक मुक्त आणि एक गुलाम, आणि दोघांची कामं जवळजवळ सारखी. मळ्याबद्दलची मांडणी वरच्या मजल्यावरच्या खोलीत आहे. मजकूर चांगला आहे, जागा चुकीची. पाय दुखायला लागलेले लोक तिथवर चढतच नाहीत.

पिनीने नेव्हिसचा मळा १८०८ च्या सुमारास विकला. त्याचा मुलगा चार्ल्स १८३१ मध्ये शहराचा महापौर होता. भरपाईच्या नोंदींत तो दिसतो तो मुख्यतः गहाणदार म्हणून: इतरांच्या मळ्यांवर कर्ज देऊन बसलेला.

तिथून उतरून बंदरावर आलं की पेरोचा पूल लागतो. १९९९ चा हा पादचारी पूल दोन मोठ्या शिंगांमुळे लांबूनच ओळखू येतो. शिंगं नुसती शोभेची नाहीत. मधला भाग उघडताना भार तोलला जातो तो त्यांनीच. कठड्याला लोकांनी कुलपांचे घोस लावलेले असतात, त्यांतल्या कितीजणांना पेरो कोण ते माहीत असेल, देव जाणे.

पलीकडे एम शेड संग्रहालयात एडवर्ड कोल्स्टनचा पुतळा आहे. १८९५ मध्ये शहराच्या मध्यभागी उभारलेला, ७ जून २०२० ला जमावाने दोर लावून पाडलेला आणि गडगडत नेऊन बंदरात ढकललेला. चार दिवसांनी बाहेर काढला. आता आडवाच ठेवला आहे, अंगावरचे निळे-लाल रंगाचे फवारे तसेच राखून. जवळून बघा: कोटाचा एक सोगा तुटलेला आहे. सफाईच्या वेळी कोटाच्या आत १८९५ च्या एका साप्ताहिकाची गुंडाळी सापडली, तिच्यावर पुतळा बसवणाऱ्या कामगारांनी आपली नावं लिहून ठेवली होती. पाण्यातून पुतळ्याबरोबर आलेलं सायकलचं टायरही संग्रहालयाने जपलंय.

कोल्स्टन १६८० ते १६९२ गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीत होता. त्या काळात कंपनीच्या जहाजांनी सुमारे ८४ हजार माणसं नेली, त्यांतली १९ हजार वाटेत मेली, असा अंदाज सांगितला जातो. मूळ पाटीवर मात्र ‘शहराच्या अत्यंत सद्गुणी आणि शहाण्या सुपुत्रांपैकी एक’ एवढंच. २०१८ मध्ये शेजारी दुसरी पाटी लावायचं ठरलं. मग मसुद्यावर मसुदे सुरू झाले: नेलेल्या माणसांतल्या मुलांचा उल्लेख कसा करायचा, त्याच्या दानधर्माला किती ओळी द्यायच्या. शेवटचा मजकूर इतका मिळमिळीत झाला की २०१९ मध्ये महापौरांनीच तो थांबवला. पुढच्या वर्षी पुतळा पाण्यात. पाटीचा मजकूर समितीत जितके महिने अडकतो तितका पुतळ्याबद्दलचा राग वाढतो, ही गोष्ट इतर शहरांनी इथून उचलली असेल तर बरं.

तिसरा दिवस: हेन्बरी आणि डिरहॅम

सकाळी शहरबसने हेन्बरी. सेंट मेरी चर्चच्या आवारात सिपिओ आफ्रिकानसची कबर आहे. सफोकच्या अर्लचा हा नोकर, मृत्यू २१ डिसेंबर १७२०, वय १८. डोक्याशी आणि पायथ्याशी असे दोन दगड, दोन्ही रंगवलेले, वर काळे देवदूत. पायथ्याच्या दगडावर कवन आहे, तेही प्रथमपुरुषी: ‘मी मूर्तिपूजक आणि गुलाम म्हणून जन्मलो, आता ख्रिस्ती म्हणून कबरीत सुखाने निजलोय.’ लिहून घेतलं मालकांनी, बोलतोय तो. कोल्स्टन पडल्यावर काही दिवसांत कोणीतरी येऊन इथे तोडफोड केली, पुढे दुरुस्ती झाली. चालत जाण्याजोग्या अंतरावर ब्लेझ इस्टेटमध्ये टेकडीवरचा शोभेचा किल्ला आहे. साखर आणि गुलामांच्या व्यापारातल्या टॉमस फारने तो १७६६ मध्ये बांधला. अमेरिकेतल्या युद्धाने व्यापार बुडाला आणि १७७८ मध्ये त्याचं दिवाळं निघालं.

दुपारी डिरहॅम पार्क. सोयीची बस नाही, ब्रिस्टल किंवा बाथहून टॅक्सी करावी आणि परतीचीही तेव्हाच सांगून ठेवावी, कारण उद्यानात मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही. गाडीतळ वर, घर खाली दरीत. दहा-पंधरा मिनिटांचा उतार आणि येताना तेवढीच चढण.

हे घर १६९० च्या दशकात विल्यम ब्लाथवेटने उभारलं. त्याच्या नावावर ऊसमळा शोधायला गेलात तर रिकाम्या हाताने परताल. तो सरकारी अधिकारी होता: युद्धखात्याचा सचिव आणि वसाहतींच्या महसुलाचा लेखापरीक्षक. साखरेवर, तंबाखूवर, गुलामांच्या श्रमावर जो महसूल उभा राहिला त्याचे आकडे त्याच्या टेबलावरून जात. वसाहतींतल्या साहेबांना त्याची मर्जी सांभाळायची होती. म्हणून घरातले जिने अमेरिकेहून आलेल्या अक्रोडाचे आणि सीडरचे आहेत. जिन्याच्या कठड्यावर हात ठेवला की तो काळ हाताखाली असतो.

घरातल्या ज्या दोन वस्तूंवरून सर्वाधिक वाद झाला त्या म्हणजे गुडघे टेकलेल्या आफ्रिकी पुरुषांच्या लाकडी मूर्ती. गळ्यात पट्टा, पायात साखळी, वर धरलेलं शिंपल्याच्या आकाराचं तबक. ब्लाथवेटच्या मामाकडून, टॉमस पोवीकडून आलेल्या. शे-दोनशे वर्षं लोक त्यांना ‘स्टँड’ म्हणून बघून पुढे गेले. घरातली मांडणी बदलत असते, तेव्हा स्वयंसेवकाला थेट विचारावं. विचारायचं कसं, तर ‘या मूर्ती आक्षेपार्ह नाहीत का’ असं नव्हे, त्याला ठरीव उत्तर मिळतं. ‘या कोणाच्या होत्या आणि घरात कधी आल्या’ असं विचारा. मग माणूस फाइल उघडतो.

चौथा दिवस: लिव्हरपूल

गाडीत अर्धा दिवस जातो. आंतरराष्ट्रीय गुलामगिरी संग्रहालय २३ ऑगस्ट २००७ ला अल्बर्ट डॉकवर उघडलं, पण जानेवारी २०२५ पासून ते नूतनीकरणासाठी बंद आहे. संकेतस्थळ न बघता ‘संग्रहालय बघू’ म्हणून जाल तर बंद दाराचा फोटो काढून परताल. पण इथल्या इमारतीच मोकळ्या पानांसारख्या वाचता येतात, संध्याकाळचा उजेड असेल तोवर.

टाउन हॉलच्या बाहेरच्या भिंतीवर वर नक्षीची पट्टी आहे: आफ्रिकी चेहरे, हत्ती, मगरी. जमिनीवरून नीट दिसत नाही, लहान दुर्बीण न्यावी. समोरच वॉटर स्ट्रीटवर मार्टिन्स बँकेची १९३२ ची इमारत, तिच्या दाराशी पैशाच्या थैल्या घेतलेली दोन आफ्रिकी मुलं कोरली आहेत. गुलामांचा व्यापार १८०७ मध्ये बंद झाला. त्यानंतर सव्वाशे वर्षांनीसुद्धा हे दारावर कोरावंसं वाटलं, यात सगळं आलं.

रॉडनी स्ट्रीटवर ६२ क्रमांकाच्या घरात १८०९ मध्ये पुढे पंतप्रधान झालेला ग्लॅडस्टन जन्मला. बाप जॉन ग्लॅडस्टन. भरपाईचा त्याचा आकडा सर्वांत मोठ्यांपैकी: २,५०८ माणसांसाठी १,०६,७६९ पौंड. आणि इथे आपल्या देशाचा धागा येतो. गुलाम सुटणार म्हटल्यावर याच गृहस्थाने कलकत्त्याच्या आडत्यांना पत्र लिहून मजूर मागवले. १८३८ मध्ये व्हिटबी आणि हेस्परस या जहाजांतून भारतीय गिरमिटिये (कराराने बांधलेले मजूर) ब्रिटिश गयानाला उतरले, ते तिथले पहिले. ऑगस्ट २०२३ मध्ये ग्लॅडस्टनच्या वंशजांनी गयानात जाऊन माफी मागितली.

रस्त्यांच्या नावांच्या पाट्या २०२२ पासून बसवल्या जात आहेत. त्या स्थानिक इतिहासकार एरिक लिंच यांच्या नावाने ओळखल्या जातात. एका बाबतीत सावध राहा: गाण्यामुळे जगप्रसिद्ध झालेल्या पेनी लेनचा संबंध जेम्स पेनी या गुलामव्यापाऱ्याशी जोडला जायचा. २०२० मध्ये संग्रहालयाने पुरावा तपासला, मिळाला नाही, आणि आपल्या मांडणीतून ते नाव काढलं. तोवर चिडलेल्या लोकांनी रस्त्याच्या पाटीवर रंग फासला होता. नोंद वाढवण्याइतकंच चुकीची नोंद पुसणंही या कामात येतं.

पाचवा दिवस: पेन्रिन

चेस्टरला गाडी बदलून वेल्समधलं बँगोर. स्टेशनपासून पेन्रिन किल्ला तीनेक किलोमीटर. सकाळी लवकर निघा, कारण या एका घराला चार तास लागतात.

बाहेरून नॉर्मन काळातला वाटणारा हा ‘किल्ला’ प्रत्यक्षात १८२० नंतर टॉमस हॉपरने बांधला, म्हणजे गुलाममुक्तीच्या उंबरठ्यावर. पैसा जमैकातला. रिचर्ड पेनंटने जमैकाची साखर विकून आलेला पैसा वेल्समधल्या स्लेटच्या खाणीत, रस्त्यांत, बंदरात घातला. तो लिव्हरपूलचा खासदार होता, मळेवाल्यांच्या मंडळाचा अध्यक्ष होता, आणि संसदेत गुलामव्यापार बंद करण्याच्या विरोधात उभा राहिला. जमैकाला तो कधी गेलाच नाही. कारभाऱ्याला पत्रं लिहून मळे चालवले, ती पत्रं बँगोर विद्यापीठात आहेत. वारस डॉकिन्स-पेनंटला ७६४ माणसांपोटी १४,६८३ पौंड, १७ शिलिंग, २ पेन्स मिळाले. हा आकडा खिशात घेऊनच आत शिरा.

आत शयनगृहात स्लेटचा सुमारे एक टन वजनाचा पलंग आहे, १८५९ मध्ये आलेल्या राणी व्हिक्टोरियासाठी केलेला. तिने त्यावर निजायला नकार दिला म्हणतात. गाइड हे हमखास सांगतो, सगळे हसतात, आणि जमैका तिथेच राहून जातं. त्याला पुढे विचारा की ही खाण सुरू करायला भांडवल कुठून आलं. २०२२ मध्ये इथे वेगळा प्रयोग झाला: स्थानिक शाळांतल्या मुलांनी घरातल्या वस्तू निवडल्या, त्यांवर लिहिलं, आणि ते त्या वस्तूंशेजारीच लावलं. वेगळ्या दालनात ढकललेल्या माहितीपेक्षा ही पद्धत कितीतरी सरस, कारण बघणाऱ्याला ती ओलांडून जाता येत नाही.

वेल्समधल्या लोकांचा या घरावरचा राग मात्र दुसऱ्या कारणाने आहे. १९०० ते १९०३ असा तीन वर्षं याच घराण्याच्या खाणीतल्या, बेथेस्डा गावच्या कामगारांचा संप चालला. मागे न हटलेल्यांनी ‘या घरात गद्दार नाही’ अशा पाट्या खिडकीत लावल्या. आजही तिथले काही जण किल्ल्यात पाऊल ठेवत नाहीत. जमैकातली माणसं आणि बेथेस्डातले कामगार यांना एकाच वाक्यात बसवण्याचा मोह पाट्या लिहिणाऱ्यांना होतो. तो टाळावा. खाणकामगार संप करू शकला, ही त्या दोघांतली दरी आहे.

सहावा दिवस: लँकेस्टर

गुलामव्यापारातलं हे इंग्लंडचं चौथं मोठं बंदर, पण कोणाच्या ध्यानीमनी नसतं. सेंट जॉर्ज धक्क्यावर २००५ चं स्मारक आहे, ‘बंदिवान आफ्रिकी’. शेजारीच १७६४ चं कस्टम हाउस, आता सागरी संग्रहालय.

खरं जायचं ते सन्डरलँड पॉइंटला, नदीच्या मुखावरच्या टोकावर. ओव्हरटन गावापासून तिथे जाणारा एकमेव रस्ता दलदलीतून जातो आणि भरतीला पाण्याखाली जातो, दिवसातून दोनदा. दरवर्षी कोणाची ना कोणाची गाडी अडकते. कारण नेहमीचंच: पाणी समोरून येईल असं वाटतं, ते बाजूच्या ओघळींतून रस्त्याच्या मागच्या टोकाला आधी भरतं. भरतीचं वेळापत्रक आदल्या रात्री बघा, आणि भरतीच्या आधीचे-नंतरचे दोन-दोन तास सोडा. मोठ्या भरतीच्या दिवशी जास्त.

टोकाच्या पश्चिमेला, चर्चने दफनासाठी पवित्र न केलेल्या जमिनीत, ‘सॅम्बो’ची कबर आहे. १७३६ मध्ये वेस्ट इंडीजहून आलेल्या जहाजावरचा हा मुलगा इथे मेला. त्याचं खरं नाव कोणी टिपून ठेवलं नाही. पाटी बसली साठ वर्षांनी, १७९६ मध्ये, जेम्स वॉटसन नावाच्या पाद्र्याने कवनासकट बसवली. त्याचा भाऊ विल्यम लँकेस्टरचा गुलामव्यापारी. मुलं रंगवलेले गोटे ठेवून जातात. दगडावर पाय देऊ नका, वाळू खचलेली असते.

सातवा दिवस: हेअरवुड

लँकेस्टरहून लीड्सची थेट गाडी आहे, पण दिवसाला मोजक्याच, तेव्हा वेळ आधी बघा. लीड्सच्या बसस्थानकातून हॅरोगेटकडे जाणारी ३६ क्रमांकाची बस हेअरवुड हाउसच्या दाराशी सोडते.

१७५९ ते १७७१ या काळात एडविन लॅसेल्सने हे घर बांधलं. आराखडा जॉन कारचा, आतलं काम रॉबर्ट ॲडमचं, फर्निचर चिपेंडेलचं. पैसा बापाचा: हेन्री लॅसेल्स बार्बाडोसमध्ये जकात वसूल करायचा, मळेवाल्यांना कर्ज द्यायचा आणि गुलामांच्या व्यापारात होता. कर्ज थकलं की मळा ताब्यात. म्हणजे लॅसेल्स घराणं मळेवालं झालं ते सावकारीतून. १८३० च्या दशकात घराण्याला १,२७७ माणसांपोटी २६ हजार पौंडांहून थोडी जास्त भरपाई मिळाली.

इथली मांडणी या वाटेवरची सर्वांत धीट म्हणावी लागेल. पूर्वजांच्या तैलचित्रांच्या रांगेत नव्या व्यक्तिचित्रांची भर पडते आहे. त्यात अभिनेता डेव्हिड हेअरवुड आहे, ज्याचे पूर्वज लॅसेल्सच्याच मळ्यावर गुलाम होते आणि आडनावही तिथूनच आलं. २०११ मध्ये तळघरात १७८० च्या आसपासच्या रमच्या बाटल्या सापडल्या, त्यांच्या लिलावाचा पैसा कॅरिबियन वारशाच्या कामासाठी दिला. इतर घरांनी बाटल्या काचेत ठेवल्या असत्या.

घराण्याचे वेस्ट इंडीजचे कागद आता यॉर्कच्या बॉर्थविक संस्थेत आहेत. आठवा दिवस हाताशी असेल तर वाचनालयाची वेळ आधी ठरवून जा. पेन नाही, पेन्सिल न्यायची. कागद घराण्याच्या नावाने मागवलात तर ढीग येईल. मळ्याच्या नावाने मागवा: बेल, थिकेट, फोर्टेस्क्यू, माउंट. याद्यांत माणसाचं नाव, काम आणि किंमत एका ओळीत असते.